घर गहाण टाकण्याआधी: सोलापूरच्या होतकरू पायलटांसाठी

१५ जून २०२३ ला विमानतळाच्या आड येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली. ९ जून २०२५ ला होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं एटीआर विमान उडालं. तेव्हापासून मला सोलापुरातून फोन वाढलेत. फोन बहुतेक वडिलांचा असतो. "पोरगी बारावी सायन्सला आहे, पायलट व्हायचं म्हणते. किती लागतील?"

रकमेचं उत्तर पुढे देतेच. पण हा प्रश्न तिसरा-चौथा असायला हवा. आमच्या घरी तो पहिला विचारला गेला आणि त्याचे चटके आम्ही बरीच वर्षं सोसले. माझ्या वडिलांचे अक्कलकोट रोडला चादरींचे आठ यंत्रमाग होते. शेड आणि घर दोन्ही बँकेकडे तारण ठेवून मी शिकले. आज एका एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. त्या वेळी कुणी समोर बसवून सांगायला हवं होतं ते इथे क्रमाने लिहिते.

आधी शरीर

कुठल्याही संस्थेला एक रुपया देण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्या. तिच्या दोन पायऱ्या आहेत. आधी क्लास टू, जी डीजीसीएच्या, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या यादीतले डॉक्टर करतात. त्यानंतर क्लास वन, जी हवाई दलाच्या केंद्रांत किंवा डीजीसीएने मान्यता दिलेल्या केंद्रांत होते. ईसीजी, छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी, कान, डोळे, सगळं पाहतात. व्यावसायिक लायसन्स क्लास वनशिवाय मिळत नाही.

चष्मा असला की संपलं, असं सोलापुरात अजून अनेकांना वाटतं. तसं नाही. चष्म्याने नजर ठरलेल्या मर्यादेत येत असेल तर चालते. खरी अडचण रंग ओळखण्याची. रंगांधळेपणा असलेल्या माणसाला तो आहे हे वीस वर्षं कळलेलंही नसतं. माझ्याबरोबरच्या एका मुलाने फीचा मोठा हप्ता भरला आणि क्लास वनला रंगांच्या चाचणीत अडकला. भरलेल्यातले निम्मे पैसेसुद्धा परत आले नाहीत. म्हणून क्लास टूवर थांबू नका, क्लास वनचा निकाल हातात येऊ द्या. बेंगळुरूच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेत तारीख मिळाली तर सोलापूरहून उद्यान एक्सप्रेस थेट जाते. त्या दोन-तीन दिवसांत एवढंच कळतं की पुढचे साठ लाख खर्च करण्यात अर्थ आहे की नाही. कुठल्याही समुपदेशनापेक्षा हे मोलाचं आहे.

कागदपत्रं आणि परीक्षा

बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. कॉमर्सची मुलं हे दोन विषय मुक्त विद्यालयातून नंतर देतात. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांची बोर्डाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. सोलापूर जिल्हा पुणे विभागीय मंडळात येतो, तेव्हा ते काम निकाल लागताच सुरू करा. मग डीजीसीएच्या ई-जीसीए पोर्टलवर नोंदणी आणि कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षार्थीचा ओळख क्रमांक. तो मिळाला की लेखी परीक्षा देता येतात: नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन, टेक्निकल जनरल, टेक्निकल स्पेसिफिक. पास व्हायला ७० टक्के लागतात. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा. तो पूर्वी दूरसंचार खात्याकडे होता, २०२५ पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान कायद्याने तो डीजीसीएकडे आला.

एक आग्रहाचं सांगणं: लेखी पेपर, निदान निम्मे तरी, घरी बसून आधी काढा. फ्लाइंग स्कूलच्या हॉस्टेलवर राहून, भाडं भरत, पाऊस थांबायची वाट बघत नेव्हिगेशन शिकणं फार महाग पडतं. मी मराठी माध्यमातली. हवामानशास्त्राचं पुस्तक पहिल्यांदा उघडलं तेव्हा पानापानाला डिक्शनरी लागली. तीन महिन्यांत ती गरज संपली. इंग्रजीची धास्ती घेऊन थांबू नका. रेडिओवरची भाषा ठरावीक वाक्यांची असते. ती स्पष्ट आणि न घाबरता बोलता आली पाहिजे.

फ्लाइंग स्कूल निवडताना

व्यावसायिक लायसन्सला २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास तुम्ही स्वतः पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी असलेले पायलट असायला हवं. क्रॉस कंट्री (एका ठिकाणाहून दूरच्या दुसऱ्या ठिकाणी), इन्स्ट्रुमेंट (फक्त उपकरणं बघून), रात्रीचं उड्डाण हे त्यातच येतं. महाराष्ट्रात गोंदिया, बारामती, धुळे, शिरपूर, नागपूर इथे शिकता येतं. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे, तिथे प्रवेश परीक्षा देऊन जावं लागतं.

माहितीपत्रकातलं चकचकीत विमान पाहून निर्णय घेऊ नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये डीजीसीएने फ्लाइंग स्कूलांची पहिली श्रेणीवार यादी काढली, तेव्हा वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नव्हती. ही यादी वर्षातून दोनदा निघते. ती पाहा आणि मग स्वतः जाऊन चार दिवस तिथे राहा. हँगरमध्ये किती विमानं उभी आहेत हे मोजायचं नाही, त्यातली आज किती उडाली हे मोजायचं. विद्यार्थी किती आहेत आणि शिकवणारे इन्स्ट्रक्टर किती? मागच्या महिन्यात एका विद्यार्थ्याचे सरासरी किती तास झाले? हा शेवटचा प्रश्न ऑफिसात विचारू नका, मेसमध्ये जेवताना मुलांना विचारा. दीड वर्षांत २०० तास होतील असं सांगणाऱ्या ठिकाणी साडेतीन वर्षं अडकलेली मुलं मी पाहिली आहेत. इंजिन येतंय, सुटा भाग येतोय, इन्स्ट्रक्टर सोडून गेला, पावसाळा आला. जून ते सप्टेंबर आपल्याकडे तास तसेही कमीच होतात.

उशीर झाला की खर्च थांबून राहत नाही. लायसन्सच्या अर्जाआधीच्या सहा महिन्यांत १५ तास उडालेले असावे लागतात. म्हणजे २०० पूर्ण करून एखाद्या पेपरसाठी खोळंबलात तर पुन्हा पैसे मोजून उडावं लागतं. त्यामुळे फी कधीही एकरकमी भरू नका. "आज सगळी भरली तर पाच लाख सूट" हे ऐकलं की उठून बाहेर या. तासांच्या हप्त्याने पैसे द्या, आणि मध्येच सोडलं तर परतावा कसा मिळेल ते लेखी घ्या.

शिकताना अजून एक. विमानात काही बिघडलंय असं वाटलं तर ते तंत्र-नोंदवहीत लिहा. "अगं, ते तसंच आहे, उडव" असं कुणी म्हणालं तरी लिहा. माझ्या सोलोच्या, म्हणजे एकटीने उडण्याच्या काळात रेडिओ मधूनच बंद पडायचा आणि मी तीन दिवस गप्प बसले, कारण विमान जमिनीवर राहिलं तर सगळ्यांचे तास बुडतील म्हणून मुलं माझ्यावर चिडली असती. चौथ्या दिवशी सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेरीत, दुसरं विमान असताना रेडिओ गेला. काही झालं नाही, पण उतरल्यावर माझे पाय थरथरत होते. लिहायची सवय तिथेच लागायला हवी. पुढे एअरलाइनमध्ये ती आपोआप येत नाही.

आता पैसा

भारतात २०० तास आणि मल्टी-इंजिन, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (एकाहून जास्त इंजिनांचं विमान आणि उपकरणांवर उडण्याची पात्रता) धरून साधारण ५० ते ८० लाख. त्यानंतर विशिष्ट विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे एअरबस ए३२० सारखं ते विमान चालवण्याची पात्रता, आणखी पंधरा-पंचवीस लाख. एअरलाइनच्या कॅडेट योजनेतून, म्हणजे कंपनीने शिक्षणाआधीच निवडलेल्या मुलांच्या योजनेतून गेलात तर एकूण कोटीच्या पुढे जातं.

शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक तारण मागते. म्हणजे घर, प्लॉट किंवा शेत. ६० लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता ८१ हजारांच्या आसपास येतो. हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि घरातल्या सगळ्यांना दाखवा. मग विचारा: लायसन्स मिळाल्यावर दोन वर्षं नोकरी लागली नाही तर हा हप्ता कोण भरेल? याचं उत्तर घरात नसेल तर अजून थांबा. ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबबरोबर पायलट प्रशिक्षणाची योजना चालवली आहे. जागा थोड्या असतात, पण अर्ज न करता घर गहाण टाकू नका.

नोकरीचं बोलायचं तर हा धंदा एका रात्रीत बदलतो. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. प्रत्येक वेळी हजारो तास उडालेले पायलट बाजारात आले आणि २०० तासवाल्यांची रांग आणखी लांबली.

चार्टर की एअरलाइन

एअरलाइनची वाट बघताना मी दीड वर्ष चार्टर, म्हणजे भाड्याने विमान देणाऱ्या कंपनीत उडाले. छोटी विमानं, उद्योगपती, पुढारी, कधी रुग्ण. उड्डाणाची हातोटी तिथे छान बसते, कारण छोट्या धावपट्ट्यांवर मदतीला फारशी उपकरणं नसतात. पण रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, नावालाच. रात्री अकराला फोन, पहाटे पाचला निघायचं. इंधन तुम्हीच बघायचं, बॅगा तुम्हीच चढवायच्या, प्रवासी सभेत उशीर करेल तेवढा वेळ विमानाशी थांबायचं. सगळ्यात कठीण असतं 'नाही' म्हणणं. नजरेने उतरायच्या धावपट्टीवर पाच किलोमीटर दृश्यमानता लागते. ती नाही आणि मागच्या सीटवरचा मोठा माणूस म्हणतो, "बघा ना कॅप्टन, जमतंय का." अशा वेळी तुमच्या मागे कोण उभं राहणार हे नोकरी धरतानाच विचारून घ्या. सुरक्षा अधिकारी कोण आहे, मागच्या वर्षी किती उड्डाणं हवामानामुळे रद्द केली, हे विचारा. एकही नाही, असं कुणी अभिमानाने सांगितलं तर तिथे जाऊ नका.

चार्टरच्या ड्यूटीचे नियम एअरलाइनपेक्षा वेगळे आहेत. पुढे जे लिहितेय ते एअरलाइनचं आहे.

करारावर सही करण्याआधी

नोकरीचं पत्र आलं की घरात पेढे वाटतात आणि वीस पानांचा करार कुणी वाचत नाही. मी नाही वाचला. माझ्या बॉन्डमध्ये, म्हणजे ठरावीक वर्षं नोकरी न सोडण्याच्या हमीत, टाइप रेटिंगची रक्कम होती आणि ती वर्षागणिक कमी होईल असं तोंडी सांगितलं होतं. करारात तसं काही नव्हतं. तीन वर्षं पूर्ण व्हायला दोन महिने कमी असतानाही सोडायचं तर सगळी रक्कम भरावी लागणार होती. आईच्या आजारपणात मला हैदराबादचा बेस (ड्यूटीचं मूळ ठिकाण) हवा होता, दुसरीकडे तो मिळतही होता. मी जाऊ शकले नाही.

म्हणून वाचा. बॉन्ड किती वर्षांचा, रक्कम महिन्यागणिक घटते का? पगारात हमीचे तास किती? कारण पगाराचा मोठा भाग उडालेल्या तासांवर असतो आणि तुम्हाला कमी उडवलं तर खिशात कमी येतं. आजारी पडलात तर काय मिळतं? वैद्यकीय कारणाने लायसन्स गेलं तर विमा आहे का, आणि तो किती रकमेचा? नोटिशीची मुदत लक्षात ठेवा: डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार फर्स्ट ऑफिसरला सहा महिने, कॅप्टनला एक वर्ष. सोलापुरात चांगला वकील दोन-तीन हजारांत करार वाचून देतो. साठ लाखांच्या पुढे ते काहीच नाही.

झोपेचा हिशेब

इथे मी जरा थांबणार आहे.

माझे वडील रात्रपाळीला माग चालवायचे तेव्हा पहाटे तीन ते पाच या वेळेला "काळी वेळ" म्हणायचे. धागा तुटला तरी दिसत नाही, हात मागात जातो, म्हणायचे. विमानाच्या भाषेत पहाटे दोन ते सहा हा शरीर सर्वांत मंद असण्याचा काळ धरतात. २२ मे २०१० ला मंगळुरूला एअर इंडिया एक्स्प्रेसचं दुबईहून आलेलं विमान धावपट्टीबाहेर गेलं आणि १५८ माणसं गेली. चौकशीत निघालं की कॅप्टन उड्डाणातला बराच वेळ झोपलेला होता. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात घोरण्याचा आवाज होता. झोपेतून उठलेल्या मेंदूने उतरण्याचा निर्णय घेतला आणि सोबतच्या फर्स्ट ऑफिसरने परत वर जायला सांगितलं तरी ते झालं नाही.

ड्यूटीच्या तासांच्या नियमांना आम्ही एफडीटीएल म्हणतो. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने ते सुधारले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास. रात्र पूर्वी मध्यरात्र ते पाच धरायचे, आता सहापर्यंत. रात्रीच्या ड्यूटीत विमान किती वेळा उतरवायचं याची मर्यादा सहावरून दोन. कंपन्यांनी मुदत मागितली, पायलटांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे २०२५ मध्ये १ जुलै आणि १ नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा डीजीसीएने त्या कंपनीला रात्रीच्या काही नियमांतून तात्पुरती सूट दिली. विमानतळावर अडकलेल्या लोकांचे हाल मी डोळ्यांनी पाहिले आणि त्यांचा राग रास्त होता. पण "पायलटांच्या विश्रांतीमुळे झालं" हे वाक्य मला मान्य नाही. नियम जवळजवळ दोन वर्षं आधी छापलेला होता. माणसं तेव्हाच भरायला हवी होती.

नव्याने रुजू होणाऱ्यांनी करायचं काय? पहिल्या दिवसापासून स्वतःची वही ठेवा. रिपोर्टिंगची वेळ, विमान उभं राहिल्याची वेळ, हॉटेलवर पोचल्याची वेळ, किती झोप झाली. ड्यूटी रिपोर्टिंगपासून मोजतात, घरातून निघाल्यापासून नाही. म्हणून तीनचा रिपोर्ट म्हणजे खरं तर दीडचा गजर. सात दिवसांत ३५ तास आणि वर्षात १००० तास उड्डाण, ही मर्यादा आहे, तिला उद्दिष्ट समजू नका. थकलात तर उडू नका, आणि थकव्याचा अहवाल, म्हणजे फटीग रिपोर्ट भरा. नियमानुसार त्याबद्दल शिक्षा होऊ नये आणि कंपनीने अशा रिपोर्टांचा हिशेब डीजीसीएला द्यायचा असतो. प्रत्यक्षात पहिला रिपोर्ट भरताना बोटं अडखळतात. माझीही अडखळली होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन आला, आवाज चढा होता. मी वहीतल्या वेळा वाचून दाखवल्या आणि तो फोन तिथेच संपला.

दारूबद्दल एकच सांगते. उड्डाणाआधी श्वासाची चाचणी होते आणि तिथे शून्य म्हणजे शून्य. पहिल्यांदा सापडलात तर तीन महिने लायसन्स निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा रद्द. अल्कोहोल असलेलं माउथवॉशसुद्धा वापरू नका.

संघटना

सोलापूरच्या माणसाला संघटना म्हणजे काय हे शिकवायला नको. गिरण्यांचा भोंगा बंद झाला तरी विडी कामगार बायकांनी संघटनेच्या जोरावर कुंभारीला दहा हजार घरं उभी केली, ती डोळ्यांसमोर आहेत. माझी आत्या त्या वस्तीत राहते. मी पायलट झाल्यावर तिने विचारलं, "तुमची युनियन कुठली?" मी म्हटलं, आमच्यात तसलं नसतं गं. ती म्हणाली, "मग अडचण आली की कुणाकडे जाता?" मला उत्तर देता आलं नाही.

आपल्याकडे पायलटांच्या संघटना जुन्या आहेत. एअर इंडियात इंडियन पायलट्स गिल्ड, पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांची इंडियन कमर्शिअल पायलट्स असोसिएशन, जेट चालू असताना तिथे नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड. कंपन्यांच्या पलीकडे फेडरेशन ऑफ इंडियन पायलट्स आणि एअरलाइन पायलट्स असोसिएशन ऑफ इंडिया. जेटमध्ये २००९ साली दोघा पायलटांना काढल्यावर बाकीच्यांनी पाच दिवस आजारपणाची रजा टाकली आणि तडजोड झाली. २०१२ चा एअर इंडियातल्या इंडियन पायलट्स गिल्डचा संप ५८ दिवस चालला, अनेकांना कामावरून काढलं, संघटनेची मान्यता गेली. दोन्ही गोष्टी नव्या मुलांना माहीत असाव्यात. माझं मत स्पष्ट आहे: संपापेक्षा विश्रांतीच्या नियमांची कोर्टातली लढाई जास्त टिकाऊ ठरली, आणि ती वर्गणीच्या पैशांवर लढली गेली.

कायद्याची बाजूही बदलली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. संपाआधी किमान १४ दिवसांची नोटीस लागते, आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संप धरतात. एकमेव वाटाघाटी संघटना व्हायला ५१ टक्के सदस्य लागतात. पायलट कायद्याच्या अर्थाने 'कामगार' ठरतो का, यावर कोर्टात वाद झालेले आहेत. त्यामुळे व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी "उद्या सगळे सिक मारू" लिहिलं तर अंगठा दाखवून मोकळे होऊ नका, आधी संघटनेच्या वकिलाला विचारा.

सदस्य होताना चार गोष्टी तपासा. संघटना नोंदणीकृत आहे का, निवडणूक वेळेवर होते का, हिशेब सदस्यांना दाखवतात का, आणि चौकशीला बोलावलं तर सोबत कोण येतं. प्रोबेशनमध्ये असताना लोक घाबरवतात, नाव कळेल, कन्फर्म होणार नाहीस म्हणून. तुमच्या कंपनीत तशी भीती खरी असेल तर निदान कंपनीबाहेरच्या संघटनेचे नियम आणि पदाधिकाऱ्यांचे नंबर जवळ ठेवा, आणि कन्फर्म झालात की त्याच महिन्यात फॉर्म भरा. अडचण आल्यावर सदस्य व्हायला धावणारे खूप असतात. त्यांच्यासाठी वकील उभा करणंही संघटनेला जड जातं, कारण तोवर कबुलीजबाबावर सही झालेली असते. चौकशीच्या कुठल्याही कागदावर त्याच दिवशी सही करू नका. "वाचायला उद्यापर्यंत वेळ हवा" हे लेखी मागा.

लॉगबुक, मेडिकलचा कागद, कराराची प्रत, ड्यूटीची वही आणि वर्गणीची पावती, हे सगळं मी एकाच फाइलमध्ये ठेवते. तिची एक झेरॉक्स सोलापूरला वडिलांच्या कपाटात आहे, सोडवून आणलेल्या घराच्या कागदांशेजारी.